ओलं बाळोतं

वॉर्डात माझ्यामागे मला 'फिनेलबाई' म्हणायचे. माझ्या निरोपसमारंभात एका मावशींनी बोलण्याच्या ओघात ते जाहीर करून टाकलं आणि सगळे कानकोंडे झाले. त्यांना वाटलं, मला आजच कळतंय. मला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं नवजात बाळांच्या खोलीत. त्या खोलीत कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मी कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. मोठे साहेब तपासणीला आले तरी आधी नळ दाखवायचा, मग बाळं. एकदा एक साहेब रागावून परत गेले. जाईनात का.

आता दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, की साथीच्या काळातले अनुभव लिहून द्या. त्यांच्या डोक्यात करोना होता. मी म्हटलं, अहो, तोवर मी घरी बसून नातवंडांचे हात धुवायला लागले होते. माझी साथ त्याच्या आधीची, २००९ सालची, स्वाइन फ्लूची. ते म्हणाले, चालेल. तर त्या साथीतली एकच गोष्ट सांगते. पण ती कळायची तर आधीची दोन-तीन सांगावी लागतील.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नवजात बाळांच्या खोलीत म्हणजे नुसतं गोडगोड काम. कमी दिवसांचं, मुठीएवढं पोर आलं की आमची तीनच कामं असत: ते गरम ठेवायचं, त्याच्या पोटात दूध घालायचं आणि त्याला घाणीपासून जपायचं. ओढायची ताकद नसलेल्या पोराला आईचं दूध वाटीत पिळून घेऊन चमच्याने पाजायचं. एका पोराला पाजायला अर्धा तास लागे, आणि शेवटच्यापर्यंत पोचेतो पहिलं पुन्हा भुकेजलेलं असे.

नातेवाइकांशी लढाई वेगळीच. आज्या पदराखालून मध आणत, काजळाच्या डब्या आणत, दूध पाजायचं घरातलं पिढीजात बोंडलं आणत. मी सगळं जप्त करायची आणि जाताना परत द्यायची. पंचवटीतले एक गुरुजी नातवाच्या जन्माचा अचूक मिनिट मागायला रोज येत. पत्रिका करायची होती. मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघून नोंद केली होती, आणि ड्यूटीला उशीर होऊ नये म्हणून माझं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असे. हे मला चार दिवसांनी आठवलं, तोवर पत्रिका होऊन गेली होती. मुलगा पुढे चांगला शिकला असं ऐकलं, म्हणून मी ते आजवर कुणाला बोलले नाही.

माझं माहेर मखमलाबादचं, फुलांचा मळा असलेलं. झेंडू-शेवंतीच्या पाट्या बाजारात निघायच्या आधी आई डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायची, ही पाटी कालची आहे. तिचं नाक माझ्याकडे आलं. बाळाला जंतूची लागण होऊ लागली की ताप चढायच्या आधी मला वास लागायचा. आमच्या खोलीच्या डॉक्टर मॅडम आधी हसत, मग त्या मलाच विचारू लागल्या, "सिस्टर, तुमचं नाक काय म्हणतं?" या नाकाचा मला फार गर्व होता. वास म्हणजे घाण आणि घाण म्हणजे फिनेल, एवढंच मी त्यातून शिकले होते.

आता मनमाडच्या बाईंचं सांगते. हे सांगायला मला आवडत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रेल्वेतल्या एका नोकरदाराची बायको, पहिलटकरीण, बाळ सातव्या महिन्यात झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. आमच्याकडे एक रीत होती, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. घरचे येऊन सांगत, "तिला इतक्यात कळू देऊ नका, ओली बाळंतीण आहे." डॉक्टर मान हलवत. आणि मग तिला जाऊन "बाळ काचेत आहे, छान आहे, दूध पितंय" असं सांगायचं काम कुणाचं? सिस्टरचं. कारण सिस्टरवर बायका विश्वास ठेवतात.

या बाईंच्या सासूबाईंनी माझे हात धरले. मीही त्या रीतीतच वाढलेली, मला त्यात गैर वाटलं नाही. मी तीन दिवस त्यांना सांगत राहिले, बाळ छान आहे. त्या इतक्या शहाण्या, की टाके दुखत असताना दर दोन तासांनी उठून बसत, वाटीत दूध काढत, वर स्वच्छ रुमाल झाकून माझ्या हातात देत. "आज जास्त आलंय हो सिस्टर, संपवेल ना तो?" मी म्हणायची, "संपवेल की." आणि वाटी घेऊन वॉर्डाच्या मागे जायची. ते मोरीत ओतायला माझा हात धजत नव्हता. मागे तगरीचं झाड होतं, त्याच्या मुळाशी ओतायची.

चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या कुणाच्या तरी तोंडून निघून गेलं. मला वाटलं, त्या आता मला शिव्या घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, "सिस्टर, माझं दूध कुठे जात होतं?"

मी खरं सांगितलं. त्या भिंतीला धरत धरत मागच्या दाराशी गेल्या आणि त्या तगरीकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. मला माफी मागायची होती, ती मी मागितली नाही. त्या दिवसापासून मी ते वाक्य कुणाच्याही सांगण्यावरून पुन्हा बोलले नाही. घरचे रागावले, एकदा माझी तक्रारही झाली. मी म्हणायची, सांगायचं नसेल तर तुम्ही नका सांगू, पण मी खोटं बोलणार नाही. पण मी एकटीने सोडून काय होतं? ते वाक्य जिकडेतिकडे चालूच होतं.

मग २००९चा पावसाळा आला. पुण्याहून बातम्या येऊ लागल्या आणि आमच्या गावाचं धाबं दणाणलं. लोक रुमालात कापूर-वेलदोडे बांधून हुंगत फिरत. मास्क मिळेनात, तर बायका साडीचा पदर नाकावर घट्ट बांधून बाजारात जात. आमच्याकडे मागच्या एका जुन्या इमारतीत संशयितांचा वेगळा वॉर्ड केला. घशातला नमुना पुण्याला जायचा आणि उत्तर यायला दिवसच्या दिवस लागायचे. तोवर त्या माणसाने कोणालाही भेटायचं नाही.

गणपती उठले होते, नवरात्र यायचं होतं, त्या दिवसांत हिरा आली. वीस-एकवीस वर्षांची, सुरगाण्याकडची. भाताची लावणी आटोपून नवऱ्याबरोबर विंचूरला कांदा निवडायच्या कामावर आली होती. अंगात सणसणीत ताप, खोकला, आणि महिना भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. ताप-खोकला म्हणताच सगळे दचकले. हिराला मागच्या इमारतीत नेलं, मुलीला माझ्या खोलीत आणलं. हिरानं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. बाळंतपण करणारे सगळे नखशिखांत झाकलेले, त्यांतल्या कुणीतरी जाता जाता "मुलगी" एवढं म्हटलं, तेवढंच.

हे आम्हाला फार जड गेलं, कारण त्याच्या आधीची काही वर्षं आम्ही नेमकं उलटं करायला शिकलो होतो. मॅडम कुठलंसं शिक्षण घेऊन आल्या होत्या, की कमी वजनाचं पोर काचेत ठेवण्यापेक्षा आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून लुगडं गुंडाळा. ते आईच्या अंगाने गरम राहतं, तिच्या वासाने शांत होतं, आणि त्याच्या वासाने तिला दूध येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "न धुता? घामट अंगावर?" मॅडम म्हणाल्या, "न धुता." मला आठवडाभर झोप लागली नाही. पण पोरं वाढली, हे मी माझ्या हातच्या वजनकाट्यावर पाहिलं आणि गप्प बसले.

आता तेच बंद. मॅडमनी नियम ठरवला. आईकडून मुलीकडे काही यायचं नाही, दूध सोडून. दुधातून हा आजार जात नाही, म्हणून ते चालेल, पण उकळलेल्या डब्यात. मुलीकडून आईकडे काहीही जाऊ शकतं, मुलगी निरोगी होती. आणि माणसाने जायचं तर ड्यूटी संपल्यावर, जाऊन परत बाळांच्या खोलीत यायचं नाही. म्हणून मी रोज दुपारी सुटले की मास्क, टोपी, झगा चढवून मागच्या इमारतीत जायची, हिराला मुलीची खबर द्यायची आणि तशीच घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायची.

पहिले दोन दिवस हिरानं चीक काढून दिला. दोन चमचे, पण तो पहिला चीक म्हणजे अशा पोराला अमृत. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा आला. तिकडच्या सिस्टर म्हणाल्या, "ती जेवतही नाहीये. भिंतीकडे तोंड करून पडलीय." आम्ही मुलीला पावडरचं दूध दिलं. ते तिला सोसेना. पोट फुगलं, ओकारी झाली. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, हिला आईचं दूध मिळालं नाही तर अवघड आहे. आणि आणखी दोन दिवस असेच गेले तर आईचं दूध आटेल. काहीतरी करा."

त्या दुपारी मी हिराच्या खाटेशी जाऊन बसले. म्हटलं, "हिरा, पोरीला तुझं दूध हवंय गं."

ती वळली नाही. भिंतीशीच बोलली, "कुठली पोरगी?"

"तुझी. छान आहे ती, काचेत..."

आणि माझे मलाच शब्द ऐकू आले. छान आहे, काचेत आहे, दूध पितंय. तेच वाक्य, तोच आवाज. वरून मास्क, म्हणजे तोंडही दिसत नाही.

हिरा उठून बसली. "सिस्टर, मला येडी समजू नका. माझ्या मोठ्या बहिनीलाबी असंच सांगत व्हते. काचंत हाय, दूध पितंय. चार दिस सांगितलं. पाचव्या दिशी हातात गठुडं दिलं. ती अजून येड्यावानी बसती." ती माझ्या डोळ्यांत बघत होती, कारण बघायला तेवढंच उघडं होतं. "माझी पोरगी मेली ना? सांगून टाका. मी नाय रडनार."

"नाही गं. जिवंत आहे."

"तुमी कवा बोलल्या का असं खोटं? कुनाला?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मी म्हटलं, "हो. बोललेय. एका बाईला, तीन दिवस."

ती बघतच राहिली. मग पुन्हा भिंतीकडे वळली. "मंग आता कसं मानू मी?" म्हणाली.

खुणेचं काहीतरी न्यायला हवं, हे मला कळत होतं. मोबाइलवरचा फोटो तिकडच्या सिस्टरांनी दाखवून पाहिला होता. ती म्हणाली, "दुसऱ्याचं पोर असंल." नवरा खिडकीखालून ओरडून सांगे, तर त्याचंही ऐकेना, बहिणीला घरच्यांनीच फसवलं होतं. सगळी नवजात पोरं सारखीच दिसतात, तिचं काय चुकलं? मग मला बाळोती आठवली. बाळाचे लंगोट म्हणा, दुपटी म्हणा. आमच्याकडे ती घरचेच आणतात, आईच्या जुन्या लुगड्याची, कारण वापरून मऊ झालेल्या सुताइतकं मऊ काही नसतं. हिराचा नवरा रामदास दुसऱ्याच दिवशी लुगडं फाडून गठ्ठा देऊन गेला होता. हिरवं, पिवळ्या काठाचं. हिरा आपलं लुगडं ओळखणार नाही का?

चौथ्या दिवशी त्यातलं एक बाळोतं घेतलं. आणि मी, फिनेलबाई, मी काय केलं? ते स्वच्छ धुतलं, औषधाच्या पाण्यात बुडवलं, उकळलं, वाळवलं, चारपदरी घडी घातली. एखाद्या सुवासिनीला खण द्यावा तसं तिच्या पुढ्यात ठेवलं. "ओळख बरं कोणाचं आहे. तुझ्या लेकीच्या अंगाखालचं आहे."

तिनं ते उलगडून पाहिलंही नाही. नाकाशी नेलं आणि खाली टाकलं. "ह्याला दवाखान्याचा वास येतोय. धुतलेलं हाय." मग अगदी शांतपणे म्हणाली, "मेलेल्या पोराचंबी धुऊनच देत्यात, सिस्टर."

घरी जाताना रिक्षात मला रडू आलं. मास्क घालून रडणं किती अवघड, हे मला त्या दिवशी कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी मुलीचं वजन आणखी उतरलं होतं. चेहरा म्हातारीसारखा दिसत होता. मी तिला बदलायला घेतलं. बाळोतं ओलं होतं, गरम होतं. सवयीने ते फिनेलच्या बादलीकडे नेलं आणि माझा हात बादलीवरच थांबला.

इतकी वर्षं माझं नाक मला सांगत आलं होतं, की वास म्हणजे घाण. पण मळ्यात आई डोळे मिटून हुंगायची, ती घाण शोधत नव्हती. ती ताजं काय आहे ते शोधायची.

मी ते बाळोतं बादलीत टाकलं नाही. धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वरून टॉवेल गुंडाळला. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ते ओलं हाय." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मलाच ताप आलाय. त्या दिवशी पहिल्यांदा मी मॅडमची परवानगी काढून ड्यूटी अर्धवट टाकली आणि ते थंड व्हायच्या आत मागच्या इमारतीत गेले.

हिरा तशीच पडलेली होती. बोलून काय उपयोग होता? पिशवी उघडली आणि ते तसंच्या तसं तिच्या हातावर ठेवलं.

ती दचकली. हात ओला झाला होता. आधी हाताकडे पाहिलं, मग बाळोत्याकडे. मग तिचं लक्ष त्या पिवळ्या काठाकडे गेलं आणि ती ताडकन उठून बसली.

"हे माझं चांगलं लुगडं हाय! हे फाडलं त्यानं?"

मी मान हलवली.

"सिस्टर, पेटीत जुनं व्हतं, विटकं. ते फाडायचं सोडून हे फाडलं! माझ्या आईनं दिलेलं. दोनदा नेसले नाय मी. येऊ द्या त्याला, बघतेच..." ती अशी ओरडली, की पलीकडच्या खाटेवरचा खोकणारा माणूस खोकायचा थांबला. पाच दिवसांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाप्याच्या हातात पेटी दिली की असंच होणार. वर दिसेल ते ओढायचं आणि टराटरा फाडायचं.

ओरडता ओरडता ती एकदम थांबली. बाळोत्याकडे बघत हळू म्हणाली, "मेलेल्या पोरासाटी असलं लुगडं कोन फाडील?"

मग तिनं ते नाकाशी नेलं. तिनं डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. गालाला लावलं. मग सगळं तोंड त्यात खुपसलं आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही मास्कच्या आत रडत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

थोड्या वेळाने तिनं मान वर केली आणि खाली पाहिलं. तिची चोळी दोन्ही बाजूंनी ओली झाली होती. "सिस्टर," ती घाबरून म्हणाली, "हे बघा काय झालं."

मॅडम नेहमी सांगायच्या, दूध छातीत नसतं, मनात असतं. मला ते बोलण्यापुरतं वाटायचं. मी म्हटलं, "काही नाही झालं. डबा धर."

त्या दिवशी डबा अर्धा भरून आला. मुलीनं चमच्याने सगळं संपवलं, आणि ओकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओलं बाळोतं घेऊन गेले, तिसऱ्या दिवशीही. हिरा माझी वाटच बघत असायची. एकदा बाळोत्यात पिवळी शी होती. मी बिचकले, तर ती खूश होऊन म्हणाली, "लय भारी! माझंच दूध हाय हे." रामदास खिडकीखाली उभा राहून लुगड्याबद्दल रोज बोलणी खायचा आणि हसत हसत परत जायचा. त्यालाही इतके दिवस बायको बोलत नव्हती.

आठव्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं. हिराला स्वाइन फ्लू नव्हताच. साधा ताप होता.

मॅडमनी कागद वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. त्या आठ दिवसांत चूक अशी कुणाचीच नव्हती. तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं, आणि ती साथ खरोखरच गरोदर, बाळंतीण बायांना घेऊन जात होती. हे सगळं मला पटतं. तरी आठ दिवस ते आठ दिवस. नवजात पोराचं ते सगळं आयुष्य असतं. मी हिराला सांगायला गेले तेव्हा वाटलं, आता ही मला काय म्हणेल? ती म्हणाली, "मंग द्या ना माझी पोरगी."

तिला न्हाऊ घातलं, स्वच्छ लुगडं दिलं. मी हात धुवायला नळ दाखवला. सवय. मग खोलीत खुर्चीवर बसवून चोळी सोडायला सांगितली आणि मुलगी उघडीच तिच्या छातीवर ठेवली. मला अजून एक धास्ती होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. जिनं तोंड पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही, ती या परक्या पोराला आपलं म्हणेल का?

हिरानं मुलीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी नाक तिच्या मानेच्या वळीत घातलं. एक मोठा श्वास घेतला.

"हीच," म्हणाली.

मुलगी इकडेतिकडे तोंड मारत होती, थोड्या वेळाने तिला सापडलं. चमच्यावर वाढलेलं पोर कधीकधी ओढायला नाही म्हणतं. हिनं असं धरलं, की हिराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वजनाची वही घेऊन उभी होते, आणि काय लिहायचं होतं तेच मला आठवेना.

मुलगी वजन धरू लागल्यावर त्यांना सोडलं. जाताना मी नेहमीची कॅसेट लावली: पोटाशी धरून ठेव, बाटली लावू नकोस, काजळ घालू नकोस, हात धू. हिरा हो हो करत होती. मी शेवटी म्हटलं, "आणि निरोप पाठव गं. पोरगी कशी आहे कळव मला. मला घोर लागून राहील."

ती हसली. तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, पुढचा एक दात किंचित तुटका. "सिस्टर, माझ्या निरोपावर इस्वास ठेवाल तुमी? छान हाय, दूध पितीय, असं कुनीबी सांगतं."

"जा आता, जीप चुकेल," मी म्हटलं.

त्यांच्याकडे भात निघाला, नागली निघाली, थंडी पडली. निरोप आला नाही. सुरगाण्याहून आलेली कुठलीही बाई वॉर्डात दिसली की मी गाव विचारायची. डोंगरातली थंडी, कमी वजनाचं पोर, दवाखाना लांब. माझ्या मनात काय काय येत होतं ते लिहीत नाही. मनमाडच्या बाई त्या दिवसांत मला फार आठवल्या. तगरीचं झाड तोवर नव्या बांधकामात गेलं होतं, तरी मी ती वाट टाळायची.

एका दुपारी रामदास वॉर्डाच्या दाराशी उभा. एकटाच. हातात पिशवी. मी विचारायच्या आत त्यानं पिशवी पुढे केली. तिच्यात नागलीचं पीठ होतं, आणि पिठावर एक दुसरी, प्लास्टिकची पिशवी, दोऱ्याने गच्च बांधलेली.

"पीठ आईनं दिलंय," तो म्हणाला. "आन् हे हिरानं. जीप निघता निघता बांधून दिलं. म्हनली, सिस्टरच्याच हातात दे, आन् तिला म्हनाव, आधी उघड, मंग बाकीचं बोल."

मी दोरा सोडायचा प्रयत्न केला, सुटेना, शेवटी दातांनी तोडला. आत हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, पिवळ्या काठाचा, गुंडाळी केलेला. त्याचा वास आधी आला. मागे मावश्या उभ्या होत्या, शिकाऊ मुली उभ्या होत्या आणि त्यांची फिनेलबाई वॉर्डाच्या दारात बाळोतं नाकाला लावून उभी होती. तीन तास जीपचा प्रवास करून ते आलं होतं, आणि अजून ओलं होतं.